पाण्यातील प्रतिबिंबाचे छायाचित्रण : सतवासच्या नर्मदाकाठापासून मांडूपर्यंत

स्थिर पाण्यात दिसणारे प्रतिबिंब म्हणजे काठावरच्या दृश्याची उलटी नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेच दृश्य दुसऱ्या जागेवरून पाहिल्यासारखे पाण्यात उमटते. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागापासून जितका वर असेल, तितकाच तो पृष्ठभागाखाली नेला असता त्याला जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते. छज्ज्यांची खालची बाजू, कमानींचे पोट, झाडाच्या फांद्यांचा तळ या काठावरून नीट न दिसणाऱ्या गोष्टी म्हणूनच पाण्यात स्पष्ट दिसतात. उभे कुठे राहावे, कॅमेरा किती उंचीवर धरावा, फोकस कशावर करावा, फिल्टर कधी लावावा, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातले सतवास या कामासाठी सोयीचे ठिकाण आहे. उत्तरेला विंध्याचा उतार आहे आणि दक्षिणेला नर्मदा. तिचे पात्र तिथे आता इंदिरा सागर धरणाच्या जलाशयाचा भाग झाले आहे. पूर्वेला नर्मदेच्या उत्तर काठावर नेमावरचे परमारकालीन सिद्धनाथ मंदिर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, देवासला, मीठा तालाब आणि त्याच्याजवळ पवार राजघराण्याच्या छत्र्या आहेत. धार जिल्ह्यात धार शहराचा मुंज तलाव आहे आणि मांडूला जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना तलाव आहेत. वाहती नदी, चढ-उताराचा जलाशय, शहरी तळे आणि बांधीव तलाव असे पाण्याचे चार प्रकार एवढ्या टापूत पाहायला मिळतात.

उंचीचा परिणाम

कॅमेऱ्याची उंची बदलली की प्रतिबिंब बदलते. समजा, तलावाचा काठ पाण्यापेक्षा २ मीटर उंच आहे, इमारत काठापासून १० मीटर आत आहे आणि छायाचित्रकार पलीकडच्या बाजूला, त्या काठापासून ५० मीटरवर आहे. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असेल, तर प्रतिबिंबात इमारतीचा खालचा सुमारे ७० सेंटिमीटर भाग काठाआड जातो. कॅमेरा १० मीटर उंच गच्चीवर नेला, तर सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर भाग गायब होतो. इमारत काठापासून जितकी आत आणि कॅमेरा जितका उंच, तितके प्रतिबिंब अपुरे. पूर्ण प्रतिबिंब हवे असेल तर कॅमेरा खाली आणावा, किंवा थेट पाण्यातून उठणारी वास्तू निवडावी. नदीला लागून असलेले घाट आणि पाण्याला भिडलेल्या छत्र्या प्रतिबिंबात पूर्ण येतात, त्याचे कारण हेच.

उंचीचा दुसरा परिणाम प्रतिबिंबाच्या तेजावर होतो. पाण्याकडे सरळ खाली पाहिले तर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त २ टक्के परावर्तित होतो. नजर पृष्ठभागाशी २० अंशांचा कोन करत असेल तर सुमारे १३ टक्के, १० अंशांना सुमारे ३५ टक्के आणि ५ अंशांना ५८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो. पायाजवळच्या पाण्यात तळातले गोटे दिसतात आणि दूरच्या पाण्यात आकाश दिसते, हा याच नियमाचा परिणाम. नेमावर आणि समोरच्या दक्षिण काठावरचे हंडिया यांच्यामधल्या पुलावरून नदीचा विस्तार चांगला दिसतो, पण पुलाजवळच्या पाण्यात प्रतिबिंब फिके पडते. तेच दृश्य घाटाच्या शेवटच्या पायरीवरून घेतले तर प्रतिबिंबाला रंग आणि वजन येते.

पाणी आणि ऋतू

पावसाळ्यात माळव्याची काळी माती वाहून येते आणि पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यातही प्रतिबिंब पडते, पण मातीच्या कणांवरून परतणारा प्रकाश त्यात मिसळतो. त्यामुळे उजळ आकाशाचे प्रतिबिंब ठीक दिसते आणि गडद झाडीचे प्रतिबिंब मात्र मातकट होते. दिवाळीच्या सुमारास गाळ खाली बसतो, तलाव अजून भरलेले असतात आणि हवा थंड होऊ लागलेली असते. कार्तिक ते माघ हा प्रतिबिंबांसाठी उत्तम काळ. फाल्गुनानंतर लहान तळी आटू लागतात आणि पाणी वास्तूपासून दूर सरकते.

जलाशयाचे वेळापत्रक वेगळे असते. इंदिरा सागरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे. पावसाळ्याच्या शेवटी पाणी या पातळीच्या जवळ असते आणि उन्हाळ्याकडे ते उतरत जाते. पाणी उतरले की काठावर गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात आणि मागच्या टेकडीचे प्रतिबिंब त्या पट्ट्याआड जाते. त्याच वेळी पूर्वी बुडालेल्या झाडांचे वठलेले बुंधे वर येतात. शांत पाण्यात उभा असलेला एकटा बुंधा आणि त्याचे प्रतिबिंब एवढेच चौकटीला पुरते.

शिंगाड्याच्या वेली, जलपर्णी आणि काठावरची बेशरमची झुडपे यांनी तळ्याचा बराच भाग झाकला जातो. जागा निवडताना मोकळे पाणी कुठे आहे ते आधी पाहावे. थोडी पाने चौकटीत असणे उपयोगाचे आहे. पृष्ठभाग कुठे आहे हे त्यांच्यामुळे कळते आणि चित्राला खोली येते.

मोठ्या तलावावर वारा असेल तेव्हा डबक्यांकडे वळावे. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून काही अंतर मोकळे मिळावे लागते, आणि ते डबक्यात मिळत नाही. पावसानंतर गाडीवाटेच्या चाकोरीत साचलेले हातभर पाणीसुद्धा मंदिराचे पूर्ण शिखर दाखवू शकते. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या विस्तीर्ण मैदानाची कीर्ती याच तत्त्वावर उभी आहे. पावसाळ्यात तिथे काही सेंटिमीटर पाणी साचते आणि एवढ्या उथळ पाण्यात मोठी लाट उठत नाही.

वेळ आणि वारा

रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन बसते आणि पृष्ठभागावरचा वारा मंदावतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा हलू लागते आणि पाण्यावर तरंग येतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर झाला तरी आरसा मोडतो. म्हणून उजाडण्याच्या आधीचा अर्धा तास आणि सूर्योदयानंतरचा तासभर हा मुख्य वेळ धरावा. सतवासच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तर जूनच्या उत्तरार्धात पावणेसहाच्या आत. संध्याकाळी वारा पडतो, पण पाणी निवळायला वेळ लागतो. सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत ते पुष्कळदा पहाटेइतके शांत होते.

तरंग असले म्हणजे काम संपले असे नाही. पाण्याचा पृष्ठभाग १ अंशाने कलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. दूरवर सपाट नजरेने पाहताना हे वळणे मुख्यतः उभ्या दिशेत दिसते. प्रतिबिंब वर-खाली ताणले जाते आणि आडवे फारसे पसरत नाही. परिणामी उभ्या रेषा टिकतात, आडव्या रेषा विरघळतात. हलक्या वाऱ्यात शिखर, झाडाचा सोट, छत्रीचे खांब, घाटावरचे दिवे असे उभे विषय घ्यावेत. लांबलचक तटबंदी किंवा कमानींची आडवी रांग शांत पहाटेसाठी राखून ठेवावी.

नर्मदेवर अमावास्या, पौर्णिमा आणि पर्वणीच्या दिवशी पहाटेपासून स्नानाची गर्दी असते. अशा दिवशी घाटाजवळचे पाणी स्थिर मिळत नाही. स्नान करणाऱ्यांचे छायाचित्र त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नये. ज्याला फक्त पाणी आणि मंदिर हवे आहे, त्याने साधा दिवस निवडावा.

प्रकाशाची दिशा

सतवास कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे साडेबावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर भर दुपारीही तो दक्षिणेला ४४ अंशांपेक्षा वर जात नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेत राहतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. काठ निवडताना हे लक्षात ठेवावे.

सतवासच्या बाजूचा छायाचित्रकार जलाशयाच्या उत्तर काठावर असतो आणि पाणी त्याच्या दक्षिणेला. हिवाळ्यात समोर सूर्य येऊन पाण्यावर चकाकी पसरते. त्याने सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून काम करावे, म्हणजे प्रकाश पाठीमागून किंवा बाजूने मिळतो. नेमावरचे सिद्धनाथ मंदिर उत्तर काठावर असल्याने तिथे उलट स्थिती आहे. हंडियाच्या काठावरून किंवा नावेतून पाहिले तर हिवाळ्यात त्याच्या नदीकडच्या बाजूवर दिवसभर ऊन असते. सकाळी आणि संध्याकाळी ते तिरके पडून कोरीवकाम उठून दिसते.

मांडूचा जहाज महाल पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या राजवटीतला मानला जातो. सुमारे १२० मीटर लांबीची ही वास्तू उत्तर-दक्षिण पसरली आहे. पूर्वेला कपूर तलाव, पश्चिमेला मुंज तलाव. दर्शनी बाजू पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन सरळ तिच्यावर पडते आणि त्या वेळी कपूर तलावाचा काठ योग्य. संध्याकाळी मुंज तलावाच्या बाजूला जावे. तिथे पश्चिमेचे आकाश पाण्यात उतरते आणि जलमहालाच्या काळ्या आकृत्या त्यावर उमटतात. हा लांब, आडवा विषय असल्याने वारा नसणे इथे सर्वांत महत्त्वाचे आहे.

सगळ्यात श्रीमंत रंग तेव्हा मिळतात, जेव्हा विषय उन्हात आणि पाणी सावलीत असते. पाण्यावर थेट ऊन नसले की आतल्या गाळावरून परतणारा प्रकाश कमी होतो आणि फक्त प्रतिबिंबाचा रंग उरतो. सूर्य उगवताना आधी शिखराला ऊन लागते आणि काठावरच्या झाडीच्या सावलीमुळे पाणी काही मिनिटे अंधारात राहते. ती मिनिटे गाठण्यासाठी ट्रायपॉड आधीच लावून ठेवावा.

चौकट

विषय आणि प्रतिबिंब दोन्ही पूर्ण आणि स्पष्ट असतील तर काठाची रेषा चौकटीच्या मध्यावर ठेवायला हरकत नाही. पाणी थोडे हलत असेल किंवा आकाश रिकामे असेल तर रेषा मध्यावर ठेवू नये. आकाशात ढगांचा खेळ असेल तर रेषा खाली, पाण्यात अधिक काही असेल तर ती वर. शिखराचे टोक आणि त्याच्या प्रतिबिंबाचे टोक दोन्हींच्या बाहेर मोकळी जागा सोडावी. प्रतिबिंबाचे टोक कापले जाणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, कारण नजर वरच्या वास्तूवर खिळलेली असते.

वस्तू आणि तिचे प्रतिबिंब नेहमी एकाच लंबरेषेत असतात. कॅमेरा थोडा जरी तिरका असला तरी ही रेषा कलते आणि पाणी एका बाजूला सांडत असल्यासारखे वाटते. कॅमेऱ्यातली लेव्हल किंवा पडद्यावरची जाळी चालू ठेवावी. वळणदार काठाची कड फसवी असते, म्हणून काठाऐवजी खांब आणि त्याचे प्रतिबिंब जुळवून लेव्हल तपासावी. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. उंच शिखरासाठी तो झुकवण्याऐवजी मागे सरकावे किंवा उभी चौकट घ्यावी.

फोकस

प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले नसते. भिंगाच्या दृष्टीने ते मूळ वस्तूइतकेच दूर असते. दोन मीटरवरच्या शिंगाड्याच्या पानावर फोकस केला तर त्याच्या शेजारचे मंदिराचे प्रतिबिंब धूसर येते, कारण मंदिर शंभर मीटरवर आहे. फक्त प्रतिबिंब हवे असेल तर फोकस मंदिरावर करावा. पान आणि प्रतिबिंब दोन्ही स्पष्ट हवी असतील तर रुंद लेन्स आणि लहान छिद्र वापरावे. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स, एफ/११ आणि सुमारे दोन मीटरवर फोकस, एवढ्याने साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. एफ/१६ च्या पुढे छिद्र लहान केल्यास विवर्तनामुळे एकूण तीक्ष्णता घटते. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या फोकसच्या प्रतिमा घेऊन नंतर जोडाव्यात. प्रतिबिंबावर ऑटोफोकस अडखळत असेल तर फोकस हाताने करून स्थिर ठेवावा.

एक्स्पोजर आणि फिल्टर

आकाश आणि त्याचे प्रतिबिंब यांच्या तेजात सपाट नजरेने पाहताना साधारण एक ते दीड स्टॉपचा फरक असतो. आकाशाची तेजस्वी बाजू पांढरी पडू नये म्हणून एक्स्पोजर तिच्यावरून ठरवावे, हिस्टोग्राम उजव्या कडेला आपटत नाही हे पाहावे आणि प्रतिमा रॉ स्वरूपात घ्यावी. एका स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर काठाच्या रेषेवर बसवला तर हा फरक जागेवरच भरून निघतो. दोन-तीन स्टॉपचा जड फिल्टर लावला तर आकाशाचे प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा उजळ होते. निसर्गात असे कधीच होत नाही आणि पाहणाऱ्याला ते लगेच खटकते.

पोलरायझर विचार करून वापरावा. नजर पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तिथे पाण्यावरून येणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो आणि फिल्टर फिरवून प्रतिबिंब जवळपास पुसता येते. पायाजवळच्या पाण्यातले गोटे दाखवायचे असतील तर हा गुण कामाचा. प्रतिबिंब हवे असेल तर फिल्टर उलट दिशेने, ते सर्वांत ठळक दिसेपर्यंत फिरवावा. फिरवताना डोळा पडद्यावर ठेवावा. फिल्टरमुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश घटतो, हे शटर ठरवताना धरावे. फार रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा उमटतो. तिथे पोलरायझर टाळलेला बरा.

शटरचा वेग

पाणी पूर्ण स्थिर असेल तर शटरच्या वेगाने फारसा फरक पडत नाही. तरंग असतील तर दोन वाटा आहेत. सेकंदाचा दोनशेवा भाग किंवा त्याहून जलद वेग ठेवला तर प्रत्येक तरंगातले तुटक तुकडे दिसतात आणि रंगांची नक्षी तयार होते. काही सेकंदांचे शटर ठेवले तर तरंग एकमेकांत मिसळून मऊ, ताणलेले पण ओळखू येणारे प्रतिबिंब मिळते. दिवसा त्यासाठी एनडी फिल्टर लागतो. सेकंदाच्या साठाव्या भागाचे एक्स्पोजर सहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे एक सेकंदाचे होते आणि दहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे सतरा सेकंदांचे.

या प्रदेशातल्या छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीला ही मऊ छटा न मागता मिळत असे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करत असताना १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतलेल्या लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातल्या वास्तूंची छायाचित्रे काढली आणि ती १८८६ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ प्रकाश द्यावा लागे. जुन्या छायाचित्रांतले पाणी पुष्कळदा गुळगुळीत दिसते ते त्यामुळे.

मोबाइल

प्रतिबिंबासाठी मोबाइलला एक खास फायदा आहे. त्याची लेन्स वरच्या कडेला असते. मोबाइल उलटा धरला की ती पाण्यापासून बोटभर अंतरावर आणता येते आणि लहानसे डबकेही सरोवरासारखे दिसते. पडद्यावर दूरच्या वास्तूवर बोट टेकवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावे, मग एक्स्पोजर थोडे खाली ओढावे. डिजिटल झूम वापरू नये. पडताना अडकावा म्हणून मोबाइलला मनगटाचा पट्टा बांधावा. टायमर लावला तर बटण दाबताना हात हलत नाही.

परवानगी आणि सुरक्षितता

केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात ट्रायपॉडसाठी आणि ड्रोनसाठी पूर्वपरवानगी लागते. मांडूला जाण्यापूर्वी ती घ्यावी, नाहीतर कॅमेरा कठड्यावर कापडी पिशवीच्या आधाराने ठेवून काम भागवावे. धरणाच्या परिसरात ड्रोन उडवू नये.

नर्मदेच्या काठाशी बेफिकिरी जिवावर बेतते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे अमावास्येच्या यात्रेसाठी जमलेले अनेक भाविक इंदिरा सागरमधून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात पाणी अचानक वाढू शकते. पात्रातल्या खडकावर ट्रायपॉड लावण्याआधी पाणी सोडण्याच्या वेळा स्थानिकांकडून विचारून घ्याव्यात, भोंगा ऐकू येताच सामान सोडून काठावर यावे. जलाशयाचा उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला आणि आतून मऊ असतो, त्यात पाय रुततो. नर्मदेत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरणे किंवा काठाशी बराच वेळ वाकून बसणे टाळावे. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चप्पल घसरते, खाचांचे बूट घालावेत. पहाटे एकट्याने जाऊ नये. कोळी किंवा नावाडी सोबत असेल तर पाण्याची आणि वाऱ्याचीही अचूक माहिती मिळते.

संस्करण

घरी आल्यावर आधी लेव्हल तपासावी आणि गरज असेल तर प्रतिमा सरळ करावी. नंतर आकाश आणि पाणी यांचे तेज वेगवेगळे सुधारावे, पण प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा किंचित गडदच ठेवावे. उजळ वस्तूचे प्रतिबिंब मुळापेक्षा गडद आणि अगदी काळ्या वस्तूचे मुळापेक्षा थोडे फिके असते, कारण पाण्याचा स्वतःचा प्रकाश त्यात मिसळतो. कॉन्ट्रास्ट वाढवताना पाण्यातल्या सावल्या पूर्ण काळ्या केल्या तर पाण्याचे पाणीपण हरवते. पांढरा समतोल दोन्ही भागांना एकच ठेवावा.

वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवण्याचा मोह टाळावा. छज्ज्याची खालची बाजू पाण्यात अधिक दिसते का, काठामागच्या पायऱ्या प्रतिबिंबात कमी झाल्या आहेत का, एवढे पाहिले की चिकटवलेले प्रतिबिंब ओळखू येते. हीच तपासणी प्रत्येकाने स्वतःच्या चांगल्या छायाचित्रांवरही करावी. वरच्या आणि खालच्या भागातला फरक शोधण्याची सवय लागली की पुढच्या वेळी काठावर पोचताच कॅमेरा कोणत्या उंचीवर धरायचा, हे नजरेलाच कळू लागते.